ज्युरीचे समन्स आणि कोर्टाची पायरी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. गेली एकवीस वर्षे कॅलिफोर्नियात, सनीवेल येथे राहते आणि एका लहान कंपनीत हिशेबाचे काम पाहते. दोन वर्षांपूर्वी मी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. मागील आठवड्यात सांता क्लारा काउंटीच्या न्यायालयाकडून ज्युरीसाठी, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी, हजर राहण्याचे समन्स आले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. ग्रीन कार्डावर असताना असेच पाकीट दोनदा आले होते. तेव्हा ‘नागरिक नाही’ या चौकटीत खूण करून ते परत पाठवले आणि विषय संपला. आता तसे करता येत नाही. माझे इंग्रजी कामापुरते आहे, उच्चार मराठी वळणाचे आहेत, मी रोज कुंकू लावते, आणि भर कोर्टात वकील मला प्रश्न विचारणार या कल्पनेनेच हातपाय गार पडतात. त्याहून मोठी अडचण मनाची आहे. कोणा अनोळखी माणसाला दोषी ठरवण्याचे पाप मी का घ्यावे? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे माझे वडील नेहमी सांगत. यजमान म्हणतात, पाकीट फेकून दे, कोणी विचारत नाही. महाराष्ट्र मंडळातील एक मैत्रीण म्हणते, ‘इंग्रजी समजत नाही’ असे लिहून दे, किंवा पोलिसांवर माझा विश्वास नाही असे सांग, लगेच सोडतात. त्यात सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत, त्यांना दुपारी एकटे ठेवता येत नाही. मी काय करावे?

उत्तर

प्रिय ताई,

आपण जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सासूबाईंची अडचण खरी आहे आणि तिच्यावर खरा मार्गही आहे, तो पुढे सांगते. परंतु खोटे कारण देऊन सुटका करून घेऊ नये, आणि पाकीट फेकून तर मुळीच देऊ नये.

आपल्या वडिलांची म्हण मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. ती ज्या अनुभवातून आली तो आपल्याकडच्या पक्षकारांचा आहे. जमिनीच्या बांधावरून सुरू झालेला दावा आजोबांकडून नातवाकडे जातो, तारखांवर तारखा पडतात, वकिलाच्या फीपायी दागिने मोडावे लागतात, आणि अखेरीस जिंकणाऱ्याच्या हातीही फारसे काही उरत नाही. ही पायरी चढू नये असे सांगणारा माणूस शहाणाच होता. आपल्याला मात्र त्या पायरीवर पक्षकार म्हणून बोलावलेले नाही, साक्षीदार म्हणूनही नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याविषयी निर्णय सरकारी अधिकाऱ्याने एकट्याने न घेता त्याच्याच काउंटीत राहणाऱ्या सामान्य माणसांनी घ्यावा, या तत्त्वासाठी आपल्याला बोलावले आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी आपण जे शंभर प्रश्न पाठ केले असतील, त्यांत एक प्रश्न असा होता की केवळ अमेरिकेच्या नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा. ‘ज्युरीमध्ये काम करणे’ हे त्या प्रश्नाच्या दोन मान्य उत्तरांपैकी एक होते. ते उत्तर आपण पाठ केले होते. हे पाकीट त्याच उत्तराचे आहे.

आता इंग्रजीविषयी. कॅलिफोर्नियाचा कायदा ज्युररकडून इंग्रजीचे ‘पुरेसे ज्ञान’ मागतो. वक्तृत्व मागत नाही, अमेरिकी उच्चारही मागत नाही. आपण गेली कित्येक वर्षे इंग्रजीतून हिशेब तपासता, बँकेशी आणि करखात्याशी पत्रव्यवहार करता, आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकाऱ्यासमोर बसून इंग्रजीत बोललात, वाचलेत आणि लिहिलेत. अशा व्यक्तीने ‘मला इंग्रजी समजत नाही’ असे लिहून खाली सही करणे म्हणजे खोटी सही करणे होय, कारण त्या फॉर्मवरील माहिती खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून द्यायची असते. पोलिसांवरील अविश्वासाचेही तसेच आहे. तो आपल्या मनात खरोखर असेल तर अवश्य सांगावा, तो सांगण्यात काहीही गैर नाही; पण नसेल तर शपथेवर तो निर्माण करू नये. आपल्या मैत्रिणीचा हेतू वाईट नाही, हे मी जाणते. मंडळाच्या कार्यक्रमांत, हळदीकुंकवात, मुलांच्या शाळेबाहेर असे सल्ले मी तीस वर्षे ऐकत आले आहे, आणि दरवेळी मला वाईट वाटते, कारण अशा सल्ल्यांमुळे ज्युरीच्या बारा खुर्च्यांवर आपल्यातले कोणी दिसतच नाही.

कोणी दिसले नाही तर काय होते, हे मराठी माणसाला अमेरिकेच्या इतिहासातून शिकण्याची गरज नाही. ज्युरीची पद्धत आपल्याकडे मुंबईत होती. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला तेव्हा ज्युरीत नऊ जण होते, सहा युरोपीय आणि तीन भारतीय. सहांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघांनी निर्दोष. बहुमत पुरेसे होते, म्हणून न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अठरा महिन्यांची शिक्षा दिली. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांवरून पुन्हा खटला झाला. सरकारने खास ज्युरी मागितली, तेव्हा टिळकांच्या वतीने जोसेफ बाप्टिस्टा यांनी हरकत घेतली होती, कारण अशा ज्युरीत युरोपीयांचे बहुमत होणार आणि लेख तर मराठीत होते. हरकत फेटाळली गेली. सात युरोपीय आणि दोन पारशी अशी ज्युरी बसली, आणि मूळ लेख ज्यांना वाचता येत नव्हते अशांपुढे त्यांचे इंग्रजी भाषांतर ठेवण्यात आले. टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण केले ते एकवीस तासांहून अधिक चालले, आणि त्यातील मोठा भाग मराठी शब्दांचा अर्थ काय, भाषांतरात तो कसा बदलला, हे समजावण्यात गेला. आपल्या भाषेत काय म्हटले आहे हे परक्यांना पटवण्यासाठी एवढ्या मोठ्या माणसाला असे दिवसचे दिवस उभे राहावे लागले, हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळकांना मंडालेला नेण्यात आले.

राजद्रोहाचा वसाहती कायदा आणि सांता क्लारा काउंटीतील एखादा चोरीचा खटला यांची मी बरोबरी करत नाही. परंतु ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याची भाषा, त्याचे घर, त्याची बोलण्याची रीत निर्णय घेणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नसेल तर पुरावा तोच राहूनही त्याचा अर्थ बदलतो, ही गोष्ट तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे. फरक एवढाच की १८९७ मध्ये तिघांचे मत सहांपुढे वाया गेले, आणि कॅलिफोर्नियातील फौजदारी खटल्यात आज बाराही जणांचे एकमत झाल्याखेरीज आरोपी दोषी ठरत नाही. तिथे एका माणसाच्या मताचे वजन किती आहे, हे यावरून आपल्या ध्यानात येईल. (दिवाणी दाव्यात बारांपैकी नऊ जणांचे मत पुरते.)

माझा स्वतःचा अनुभव सांगते, अर्थात खटल्यातील कोणाचीही ओळख पटणार नाही इतक्या बेताने. मला आजवर चार वेळा बोलावणे आले. दोनदा न्यायालयात जावेच लागले नाही, एकदा प्रश्नोत्तरांनंतर परत पाठवले, आणि एकदा मी फौजदारी खटल्यात सहा दिवस बसले. आरोपीच्या बाजूने त्याच्या वृद्ध वडिलांची साक्ष झाली. ते आशियातून आलेले गृहस्थ होते, दुभाष्यामार्फत बोलत होते, आणि सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना त्यांनी एकदाही नजर वर केली नाही. विचारविनिमयाच्या खोलीत आम्ही बसलो तेव्हा दोघा ज्युररांनी सहजपणे म्हटले की तो म्हातारा खोटे बोलत होता, डोळ्याला डोळा देतच नव्हता. इतर माना हलवू लागले. मला बोलायचे धाडस होत नव्हते. माझेही उच्चार आपल्यासारखेच आहेत. तरी मी म्हटले की ज्या घरात मी वाढले तिथे अधिकारी माणसासमोर नजर खाली ठेवणे ही मर्यादा समजली जाते, वर पाहून उत्तर देणे उद्धटपणाचे मानतात. ते खरे बोलत होते की खोटे हे मला ठाऊक नाही, पण खाली गेलेली नजर हा पुरावा धरू नये. खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग एका निवृत्त शिक्षिकेने ती साक्ष पुन्हा वाचून दाखवण्याची विनंती न्यायाधीशांकडे पाठवू या असे सुचवले, आणि आम्ही त्या गृहस्थांचे शब्द, फक्त शब्द, पुन्हा ऐकले.

अखेरीस आम्ही त्यांच्या मुलाला दोषी ठरवले. इतर पुरावा भक्कम होता, आणि तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते. त्या रात्री मला झोप आली नाही. तरीही त्या वडिलांची साक्ष त्यांच्या डोळ्यांवरून बाद झाली नाही, ती नीट ऐकून, तपासून मग बाजूला ठेवली गेली, याचे समाधान मोठे होते. मी तिथे नसते तर कदाचित दुसऱ्या कोणी हे म्हटले असते; कदाचित म्हटले नसते.

यातच आपल्या पापपुण्याच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी आले आहे. ज्युरर शिक्षा देत नाही. मृत्युदंडाच्या खटल्यांचा अपवाद सोडला तर शिक्षा ठरवणे हे न्यायाधीशांचे काम आहे, आणि शिक्षा काय होईल याचा विचारही मनात आणू नका अशी सूचना ज्युरीला दिली जाते. आपल्यापुढे प्रश्न एवढाच असतो की सरकारने केलेला आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाला आहे की नाही. आरोपी प्रथमपासून निर्दोष मानला जातो, त्याने काहीही सिद्ध करायचे नसते, तो साक्षीला उभा राहिला नाही तरी त्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावायचा नसतो. सिद्ध झाले नाही असे वाटले तर तसे सांगणे हेच कर्तव्य आहे. मला विचाराल तर ज्याला दुसऱ्याविषयी निर्णय देताना भय वाटते, अशाच माणसाने तिथे बसावे. ज्याला काहीच वाटत नाही त्याच्या हाती आपल्या मुलाबाळांचे भवितव्य द्यायला आपणही तयार होणार नाही.

प्रत्यक्ष काय घडते ते सांगते, म्हणजे मनातील भीती बरीच कमी होईल. समन्सवर आपला गट क्रमांक असतो. तो क्रमांक बोलावला आहे की नाही हे न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर पाहायचे, आणि पुष्कळदा ठरलेला आठवडा घरी वाट पाहण्यातच संपतो. बोलावले तर प्रथम मोठ्या दालनात बसवतात, कामाची माहिती देतात, मग नावे पुकारून एखाद्या न्यायाधीशांच्या कोर्टात नेतात. तिथे प्रश्नांची खरी उत्तरे देण्याची शपथ सर्वांना एकत्रच दिली जाते. हातात कोणताही धर्मग्रंथ देत नाहीत. प्रश्न साधे असतात: कोणत्या गावात राहता, काय काम करता, घरातील इतर काय करतात, पूर्वी ज्युरीत बसला होता का, आपण किंवा जवळचे कोणी गुन्ह्याचे बळी ठरले होते का, पोलिसांत किंवा वकिलीत कोणी नातलग आहे का. एखादे उत्तर सर्वांसमोर द्यावेसे वाटत नसेल तर न्यायाधीशांशी खासगीत बोलण्याची विनंती करता येते. एखादा शब्द कळला नाही तर ‘कृपया प्रश्न पुन्हा विचारा’ असे म्हणावे. मी दोनदा म्हटले होते. आणि आपले इंग्रजी खरोखरच अपुरे पडते आहे असे तिथे जाणवले, तर ते प्रामाणिकपणे सांगावे. निर्णय न्यायाधीश घेतील, आपण घरबसल्या घेऊ नये.

पुढे खटल्यात निवड झालीच तर ज्युररांना टिपणे काढण्याची मुभा असते. हिशेबाचे काम करणाऱ्या व्यक्तीला याहून आधार काय हवा? साक्ष पुन्हा वाचून घेता येते हे मी वर सांगितलेच. एक पथ्य मात्र कडक आहे: खटला संपेपर्यंत त्याविषयी कोणाशीही बोलायचे नाही, यजमानांशीही नाही, व्हॉट्सॲपवर काही लिहायचे नाही आणि गूगलवर काही शोधायचे नाही. हे मला सर्वांत जड गेले. जेवताना घरचे विचारत आणि मी गप्प राहत असे.

कुंकू लावूनच जावे. फौजदारी खटल्यांसाठी २०२२ पासून कॅलिफोर्नियात असा कायदा लागू आहे की वकिलांना कारण न देता ज्युररला वगळण्याचा आपला विशेष हक्क वापरताना वंश, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांचा आधार घेता येत नाही. इतकेच नव्हे, तर इंग्रजी ही मातृभाषा नसणे, दुसरी भाषा येणे, पेहराव किंवा बाह्यरूप ही कारणेदेखील त्या कायद्याने सकृद्दर्शनी गैर मानली आहेत. आपण ज्या गोष्टींची लाज वाटल्यासारखी यादी केली आहे, तिच्यातील जवळपास प्रत्येक गोष्ट विधिमंडळाने नावानिशी सुरक्षित केली आहे. तरीही आपल्याला परत पाठवले तर तो अपमान समजू नये. दोन्ही बाजूंना काही ज्युरर वगळण्याचा अधिकार असतो आणि माझ्यासोबत एका सर्जनलाही परत पाठवले होते.

आता सासूबाई. घरातील व्यक्तीची देखभाल आपल्यावरच असणे आणि तिला पर्यायी व्यवस्था न होणे, हे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांत सवलतीचे मान्य कारण आहे. परंतु त्या काही महिन्यांसाठीच आल्या असतील, तर सूट मागण्याऐवजी तारीख पुढे घ्यावी असे मी सुचवीन. समन्समध्ये त्याची रीत दिलेली असते, बहुधा ऑनलाइनच काम होते, आणि सासूबाई परत गेल्यानंतरची तारीख मागता येते. तोपर्यंत मनाची तयारीही होईल. एका दिवसात निवड झाली नाही तर त्या दिवशीच आपले काम संपते आणि किमान बारा महिने पुन्हा बोलावत नाहीत. निवड झाली तर तो एक खटला संपेपर्यंत जावे लागते.

नोकरीची काळजी नको. मालकाला वेळेत कळवले असेल तर ज्युरीच्या कामासाठी गेल्याबद्दल तो कामावरून काढू शकत नाही. त्या दिवसांचा पगार देण्याचे बंधन मात्र त्याच्यावर नाही, म्हणून कंपनीचे धोरण आधी विचारून घ्यावे. न्यायालयाकडून दुसऱ्या दिवसापासून दिवसाला १५ डॉलर मिळतात, त्यात आपले भागणार नाही हे मान्य आहे, आणि हा या व्यवस्थेतील खरा दोष आहे असे मला वाटते.

यजमानांना नम्रपणे सांगावे की कोणी विचारत नाही ही समजूत चुकीची आहे. प्रतिसाद न देणाऱ्यांना न्यायालय नोटीस काढू शकते, आणि वारंवार टाळल्यास दंड १५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. मात्र ‘तुम्ही ज्युरीला आला नाहीत, अटक टाळायची तर आत्ता पैसे भरा’ असा फोन आला तर तो ठकाचा समजून बंद करावा. न्यायालय असे फोनवर पैसे मागत नाही. हे मंडळातील ज्येष्ठांनाही सांगून ठेवावे, कारण घाबरून पैसे भरून बसतात ते बहुधा तेच.

फॉर्म या आठवड्यातच भरा, आणि तारीख सासूबाईंच्या परतीच्या तिकिटानंतरची मागा. जायच्या दिवशी सोबत स्वेटर, जेवणाचा डबा आणि वाचायला पुस्तक ठेवा, कारण त्या दालनात थंडी असते आणि वाट पाहण्यात बराच वेळ जातो. खटल्याचा निकाल लागल्यावर तुमच्यावरचे बोलण्याचे बंधन उठते. तेव्हा मंडळातील त्या मैत्रिणीला घरी चहाला बोलवा आणि काय काय पाहिले ते तिला सविस्तर सांगा. तिच्याही घरी असे पाकीट येईल.

आपली,
सदरलेखिका